एकदाच वापरायची बाटली

(लहान बाळाची दुधाची बाटली ही साधी वस्तू वाटते. ती स्वच्छ राहिली नाही, तर मात्र बाळाच्या जिवावर बेतते. एकदा वापरून टाकून देता येईल अशी बाटली तयार करता येईल का? तशी बाटली कशी असावी? तिचे फायदे कोणते आणि अडचणी कोणत्या? या पाठात लेखिकेने या प्रश्नांचा टप्प्याटप्प्याने विचार केला आहे.)

मुलांनो, भंडारा जिल्ह्यात शहापूर नावाचे गाव आहे. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना, भंडारा शहराच्या थोडे अलीकडे, महामार्गावरच ते लागते. आजूबाजूला धानाची शेते आहेत. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली, की घराघरांतील बायका सकाळी शेतावर जातात आणि चिखलात वाकून दिवसभर पऱ्हे लावतात. घरी लहान बाळ असले, तर त्याला आजी सांभाळते.

अशाच रोवणीच्या दिवसांत या गावातील आमची एक विद्यार्थिनी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी ती आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या तीन महिन्यांच्या भावाला हगवण लागली होती. बाळाचे डोळे खोल गेले होते आणि टाळू आत ओढली गेली होती. त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. वेळेवर इलाज झाला म्हणून ते वाचले.

ती मला म्हणाली, "मॅडम, अम्मी शेतावर जाते, म्हणून दादी बाळाला बाटलीने दूध पाजते. दादी बाटली रोज धुते. पण डॉक्टरांनी बाटलीचे बूच उलटे करून दाखवले. आत पिवळट, चिकट थर होता. दादीच्या डोळ्यांत पाणी आले."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग तिने विचारले, "मॅडम, इंजेक्शनची सुई एकदा वापरून फेकून देतात. मग बाळाची बाटलीही एकदाच वापरून फेकून द्यायची, असे का करत नाहीत?"

प्रश्न फार चांगला होता. त्या दिवशीचा तास आम्ही या प्रश्नालाच दिला. आज तुम्हीही आमच्याबरोबर बसा. हातात कागद आणि पेन्सिल घ्या. आपण ही बाटली कागदावर तयार करून पाहू.

आधी दोष शोधू

नवीन वस्तू तयार करायची असेल, तर जुन्या वस्तूत काय चुकते ते आधी पाहावे लागते. घरातील एखादी दुधाची बाटली डोळ्यांसमोर आणा. तिचा गळा अरुंद असतो. तिथे हात जात नाही, बोटही नीट फिरत नाही. गळ्यावर बूच बसवण्यासाठी आटे असतात आणि त्या आट्यांच्या खाचांत दूध अडकते. वर रबराची बोंडी असते. ती आतून पोकळ असते आणि टोकाला बारीक छिद्र असते. बोंडीच्या कडेखाली दुधाचा थेंब राहिला, तर वरून दिसत नाही.

दुधात स्निग्ध पदार्थ असतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. त्याचा पातळ थर बाटलीच्या आत चिकटून राहतो. बाटली प्लॅस्टिकची असली आणि ती ब्रशने रोज घासली, तर आत बारीक चरे पडतात. त्या चऱ्यांत जंतूंना राहायला जागा मिळते.

हे जंतू किती वेगाने वाढतात, याचे गणित करून पाहा. ऊब आणि अन्न मिळाले, की काही जंतू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे एका जंतूचे एका तासात ८ होतील, दोन तासांत ६४, तीन तासांत ५१२ आणि चार तासांत ४,०९६. सहा तासांनी ही संख्या २,६२,१४४ होते. सकाळी नऊ वाजता अर्धवट राहिलेले दूध दुपारी तीन वाजता बाळाला पाजले, तर काय होईल हे आता तुमच्या लक्षात आले असेल. दादीची माया कमी पडली नव्हती. दोष त्या बाटलीच्या घडणीत होता.

बाटलीची गोष्ट

बाळाला भांड्यातून दूध पाजणे ही आजची गोष्ट नाही. जर्मनीतील बव्हेरिया भागात लहान मुलांच्या फार जुन्या कबरींत चोच असलेली मातीची छोटी भांडी सापडली आहेत. ती अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांतील काही भांडी तपासली. त्यांत जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. ही तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडेही बाळाला दूध पाजण्यासाठी बोंडले वापरत असत. बोंडले म्हणजे चोच असलेले चांदीचे किंवा पितळेचे छोटे भांडे. ज्यांच्याकडे बोंडले नव्हते, ते शिंपल्याने दूध पाजत. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा. त्यांनी बोंडले पाहिले असेल.

रबराच्या बोंडीचे पहिले पेटंट १८४५ साली अमेरिकेत एलायजा प्रॅट यांनी घेतले. त्यानंतर युरोपात एक नवी बाटली फार लोकप्रिय झाली. तिला रबराची लांब नळी जोडलेली असे. बाटली जवळ ठेवायची, नळीचे टोक बाळाच्या तोंडात द्यायचे आणि आईने आपल्या कामाला लागायचे. सोय मोठी होती. पण त्या लांब नळीच्या आतून सफाई करणे जवळजवळ अशक्य होते. नळीत दूध नासे आणि तेच बाळाच्या पोटात जाई. कितीतरी बाळे दगावली. लोक त्या बाटलीला 'खुनी बाटली' म्हणू लागले. शेवटी फ्रान्सने १९१० साली कायदा करून नळीच्या बाटलीवर बंदी घातली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये नावेच्या आकाराची काचेची बाटली आली. तिला दोन्ही टोके उघडी होती. एका टोकाला बोंडी आणि दुसऱ्या टोकाला झडप असे. दोन्ही काढून टाकल्या, की बाटलीतून पाणी आरपार जाई. नवे रसायन लागले नाही, नवे यंत्रही लागले नाही. फक्त आकार बदलला आणि बाटली धुणे सोपे झाले.

या गोष्टीतून आपल्या आराखड्यासाठी पहिला नियम मिळतो : ज्या भांड्याचा प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो, तेच भांडे स्वच्छ राहते.

आता आराखडा काढू

आपली बाटली तर धुवायचीच नाही. ती एकदाच वापरायची आहे. मग तिच्यात कोणते गुण हवेत? वर्गातील मुलांनी एकेक गुण सांगितला आणि मी फळ्यावर लिहीत गेले.

पहिला गुण म्हणजे पदार्थ सुरक्षित हवा. बाटलीतून कोणतेही घातक द्रव्य दुधात उतरता कामा नये. पूर्वी बाळाच्या बाटल्या पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या असत. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन थोड्या प्रमाणात दुधात उतरते, असे आढळले. म्हणून युरोपीय संघाने २०११ साली अशा बाटल्यांवर बंदी घातली. आपल्या देशातही २०१५ साली भारतीय मानकांतून त्या वगळण्यात आल्या. आता बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलिनच्या असतात. हे प्लॅस्टिक उकळत्या पाण्यातही वितळत नाही. आपली बाटली उकळायची नसल्यामुळे ती पातळ पिशवीसारखी असली तरी चालेल. काही देशांत अशी पातळ पिशवी मिळते. ती कडक नळकांड्यात बसवतात, वर बोंडी लावतात आणि दूध पाजून झाले की पिशवी टाकून देतात. बाळ दूध ओढते तशी पिशवी चेपत जाते. त्यामुळे पोटात हवा कमी जाते.

दुसरा गुण असा, की बाटली आधीपासून निर्जंतुक हवी. ती कारखान्यात स्वच्छ धुतली तरी पुरेसे नाही, कारण नंतर हात लागतो, धूळ बसते. म्हणून आधी वस्तू पाकिटात बंद करायची आणि मग पाकिटासकट निर्जंतुक करायची. हे काम महाराष्ट्रात फार पूर्वीपासून होते. मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'आयसोमेड' नावाचा प्रकल्प १९७४ साली सुरू झाला. तेथे कोबाल्ट-६० या समस्थानिकातून निघणारे गॅमा किरण बंद खोक्यांमधून आरपार सोडले जातात. त्यामुळे आतील सिरिंजा, पट्ट्या आणि कापूस यांवरील जंतू मरतात. पाकीट उघडावे लागत नाही, वस्तू तापतही नाही. त्या वस्तूत किरण साठूनही राहत नाहीत. मात्र साधे पॉलिप्रॉपिलिन या किरणांनी ठिसूळ होते. म्हणून त्याच्यात आधी योग्य द्रव्ये मिसळावी लागतात.

तिसरा गुण बोंडीविषयी आहे. बोंडीचे छिद्र मोठे असले, तर दूध एकदम येते आणि बाळाला ठसका लागतो. छिद्र फार लहान असले, तर बाळ थकते आणि उपाशीच झोपते. शिवाय बोंडीवर टोपण हवे. बाळाच्या तोंडात देईपर्यंत त्या भागाला कोणाचाही हात लागता कामा नये.

चौथा गुण एका मुलाने सांगितला आणि सारा वर्ग त्याच्याकडे पाहू लागला. तो म्हणाला, "मॅडम, बाटली चांगली दिसली, तर लोक ती फेकणार नाहीत. धुऊन पुन्हा वापरतील."

अगदी खरे आहे! इंजेक्शनच्या सुयांचेही असेच झाले होते. एकदाच वापरायच्या सिरिंजा लोक पुन्हा पुन्हा वापरत आणि त्यांतून कावीळीसारखे रोग पसरत. म्हणून वेगळी सिरिंज तयार झाली. तिचा दट्ट्या एकदा आत ढकलला, की अडकून बसतो. मग ती कोणालाही दुसऱ्यांदा वापरता येत नाही. आज लसीकरणासाठी अशीच सिरिंज वापरतात. आपली बाटलीही तशीच हवी. तिची बोंडी पिशवीला कायमची चिकटवलेली असावी आणि उघडण्यासाठी जी पट्टी फाडायची, ती पुन्हा जोडता येऊ नये. पिशवीत दुसऱ्यांदा दूध भरण्यासाठी तोंडच नसावे. म्हणजे दूध कारखान्यातच भरलेले असावे.

इथे पाचवा गुण आपोआप पुढे आला. रिकामी बाटली निर्जंतुक असून भागत नाही. तिच्यात जाणारे दूध, पाणी आणि भरणारे हात यांचे काय? दूध पावडरीचा डबा बंद असला, तरी ती पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित 'क्रोनोबॅक्टर' नावाचे जंतू असू शकतात. ते नवजात बाळाला फार धोक्याचे असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी आणि दूध लगेच कोमट करून पाजावे. बोअरचे गार पाणी घेतले, तर निर्जंतुक बाटलीचा काही उपयोग होत नाही. म्हणून काही देशांतील दवाखान्यांत निर्जंतुक केलेले पातळ दूध भरलेल्या छोट्या तयार बाटल्या मिळतात. टोपण काढायचे, बोंडी लावायची, दूध पाजायचे आणि बाटली टाकून द्यायची.

आपला आराखडा कागदावर पूर्ण झाला. चित्र छान दिसत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हिशेब

मग मी म्हणाले, "आता हिशेब करू."

लहान बाळ दिवसातून साधारण आठ वेळा दूध पिते. म्हणजे दिवसाला आठ बाटल्या लागतील. महिन्याला २४० आणि सहा महिन्यांच्या १८० दिवसांत १,४४० बाटल्या होतील. समजा, एक बाटली दहा रुपयांना मिळाली. मग दिवसाचा खर्च ८० रुपये, महिन्याचा २,४०० रुपये आणि सहा महिन्यांचा १४,४०० रुपये. शिवाय दुधाचे पैसे वेगळे. रोवणीला जाणाऱ्या आईची मजुरी डोळ्यांसमोर आणा. दहा रुपयांची बाटली ती एकदा वापरून फेकेल का? तिला फेकवणार नाही.

आता कचऱ्याचा हिशेब पाहा. समजा, एका रिकाम्या बाटलीचे वजन १५ ग्रॅम आहे. १,४४० बाटल्यांचे वजन २१ किलो ६०० ग्रॅम होईल. एका बाळामागे इतके प्लॅस्टिक! आपल्या राज्याने २०१८ साली आणि केंद्र सरकारने २०२२ साली एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. गावाच्या नालीत अडकणाऱ्या आणि गुरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या तुम्ही पाहिल्याच आहेत. त्यांत या बाटल्यांची भर पडेल.

मग आपला आराखडा वाया गेला का? नाही. त्याची जागा कोणती, हे आपल्याला समजले. आजारी किंवा फार कमी वजनाच्या बाळांच्या दवाखान्यात अशा बाटलीचा उपयोग होतो. पूर आला, भूकंप झाला आणि जिथे स्वच्छ पाणी नाही, चूल पेटत नाही, तिथेही उपयोग होऊ शकतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. भंडारा शहराच्या काही भागांत आणि काठावरच्या अनेक गावांत पाणी शिरले होते. अशा वेळी ज्या बाळाला आईचे दूध मिळूच शकत नाही, त्याच्यासाठी तयार दूध लागते.

पण अशा वेळीही सावध राहावे लागते. २००६ साली इंडोनेशियातील योग्यकार्ता भागात भूकंप झाला. लोकांनी मोठ्या मनाने दूध पावडरीचे डबे पाठवले. ते डबे गरज नसलेल्या घरांतही पोचले. नंतर पाहणी झाली, तेव्हा ज्या बाळांना मदतीची पावडर मिळाली होती, त्यांच्यात हगवणीचे प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून जास्त आढळले. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण पाणी स्वच्छ नव्हते.

उत्तर स्वयंपाकघरात होते

हिशेब पाहून वर्ग शांत झाला. तेव्हा मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या : एक स्टीलची लहान वाटी आणि एक चमचा.

आपला पहिला नियम आठवा. प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसला पाहिजे आणि बोटाला लागला पाहिजे. वाटीला गळा नाही, आटे नाहीत आणि छिद्रही नाही. साबण आणि पाण्याने ती पूर्ण स्वच्छ होते. तिला प्लॅस्टिकसारखे सहज चरे पडत नाहीत. पाण्यात बुडवून उकळली, की झाले. दूध उरले तर ते वाटीत दिसते, म्हणून ते ठेवून पुन्हा पाजण्याचा मोह होत नाही. वाटी शेकडो वेळा वापरली, तरी प्रत्येक वेळी ती नव्यासारखी असते. आपल्याला एकदाच वापरायच्या बाटलीकडून जे हवे होते, ते वाटी फुकट देते.

डॉक्टरही बाटलीऐवजी वाटी-चमच्याचाच सल्ला देतात. दक्षिण भारतात 'पालडै' नावाचे चोच असलेले छोटे भांडे पूर्वीपासून आहे. आज ते नवजात बाळांच्या अनेक दवाखान्यांत वापरतात. आपले बोंडले त्याचेच भावंड म्हणायला हरकत नाही.

वाटीने दूध पाजण्याची रीत समजून घ्या. आधी हात साबणाने धुवा. बाळाला मांडीवर थोडे उभे धरा, आडवे झोपवू नका. वाटीची कड त्याच्या खालच्या ओठाला हलकेच टेकवा. दूध तोंडात ओतू नका. बाळ स्वतः जिभेने दूध घेते. ते थांबले, की आपणही थांबायचे. थोडा वेळ जास्त लागतो, पण तेवढा वेळ बाळ कोणाच्या तरी मांडीवर असते.

सर्वांत चांगली व्यवस्था

मुलांनो, अजून एक व्यवस्था आहे. तिच्यात दूध दर वेळी ताजे मिळते. ते आपोआप योग्य तापमानाचे असते. भांडे धुवावे लागत नाही, पाणी उकळावे लागत नाही आणि कचराही होत नाही. त्या दुधात रोगांशी लढणारी द्रव्येही असतात. ही व्यवस्था म्हणजे आईचे दूध. जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला आईचे दूध द्यावे, सहा महिने दुसरे काहीही देऊ नये, उन्हाळ्यात पाणीसुद्धा देऊ नये आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुरआन शरीफमध्येही मातांनी बाळांना पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे.

तरीही बाटली घराघरांत कशी आली? जाहिरातींमुळे आली. पूर्वी डब्यांवर गुबगुबीत, हसऱ्या बाळांची चित्रे असत. ती पाहून आईला वाटे, की आपले दूध कमी प्रतीचे आहे. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण करून या धोक्याकडे लक्ष वेधले. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा जाहिरातींविरुद्ध नियम केले. १९९१ च्या डिसेंबरात स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आपल्या विदर्भातच, वर्धा येथे स्थापन झाली. तिचे नाव ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, आपल्या देशाने कायदा केला. २००३ साली तो अधिक कडक झाला. या कायद्याप्रमाणे बाळाच्या दूध पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही आणि आईला फुकट नमुने देता येत नाहीत. दूध पावडरीच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही. दुकानात गेलात, तर डबा हातात घेऊन पाहा.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. म्हणजे प्रत्येक तीन बाळांपैकी एकाला त्या वयातही दुसरे काहीतरी दिले जात होते.

यात आईला दोष देणे बरोबर नाही. शेतावर गेली नाही, तर मजुरी बुडते. अशी आई सकाळी स्वच्छ हातांनी आपले दूध स्वच्छ वाटीत काढून, झाकून ठेवू शकते. थंड जागी ते चार तासांपर्यंत चांगले राहते. आजीने ते वाटीने पाजावे. शेत जवळ असेल, तर घरातील कोणीतरी दुपारी बाळाला आईकडे न्यावे. शेतमालकाने तिला तेवढी सुट्टी द्यावी. काही मातांना आजारपणामुळे दूध पाजता येत नाही. काही बाळांना आईच नसते. त्यांच्यासाठी मातृदुग्ध पेढ्या आहेत. आपल्या देशातील पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. जिथे पेढी नाही, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त ते स्वच्छ वाटीने द्यावे.

घरात बाटली वापरणे भागच असेल, तर काही गोष्टी पाळा. दूध पाजून होताच बाटली, बूच आणि बोंडी वेगळी करा. साबण आणि ब्रशने धुवा. बोंडी उलटी करून आतून घासा. मग सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडवून, खळखळ उकळी आल्यावर दहा मिनिटे उकळा आणि झाकून ठेवा. उरलेले दूध पुन्हा पाजू नका. आणि बाळाला हगवण लागलीच, तर दूध बंद करू नका. आशाताईंकडून जलसंजीवनीचे पाकीट घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

तास संपला. त्या मुलीने आपला कागद माझ्याकडे दिला. कागदाच्या एका बाजूला एकदाच वापरायच्या बाटलीचे सुबक चित्र होते. तिने ते खोडले नव्हते. त्याखाली लिहिले होते : 'दवाखान्यासाठी आणि पुरासाठी.' कागद उलटला, तर मागे वाटी आणि चमचा काढला होता. त्याखाली लिहिले होते : 'आमच्या घरासाठी.'

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, की दादीने जुनी बाटली फेकून दिली. बाळासाठी वेगळी वाटी ठेवली आहे आणि त्या वाटीला घरात कोणी हात लावायचा नाही, अशी सर्वांना ताकीद आहे. दादी म्हणाली, "आमच्या लहानपणी हेच तर होते. मध्येच ती बाटली कुठून आली, कोणास ठाऊक!"

शब्दार्थ

रोवणी – धानाची रोपे शेतात लावणे
पऱ्हे – धानाची लहान रोपे
स्निग्ध पदार्थ – तेलकट, तुपकट भाग
निर्जंतुक – जंतू नसलेला
आराखडा – वस्तू तयार करण्याआधी काढलेला नकाशा
दगावणे – मरण पावणे
ताकीद – सक्त सूचना

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्रान्सने नळीच्या बाटलीवर बंदी कोणत्या साली घातली?
(आ) 'आयसोमेड' प्रकल्प कोठे आहे?
(इ) बोंडले म्हणजे काय?

२. कारणे लिहा.
(अ) दुधाची बाटली नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही.
(आ) एकदाच वापरायची बाटली पुन्हा भरता येऊ नये.
(इ) वाटी बाटलीपेक्षा चांगली आहे.

३. एका बाटलीची किंमत सहा रुपये धरून सहा महिन्यांचा खर्च काढा.

४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत : शिशी, दाई, साबण, कागद, इलाज, दवाखाना. असे आणखी पाच शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : पूर्वी बाळाला दूध कसे पाजत असत? ती माहिती आठ-दहा ओळींत लिहा.